एका कपावर शेरा नको: दार्जिलिंग चहाचं पहिलं पाकीट कसं संपवावं

दार्जिलिंग-गंगटोकची सहल करून आलेली मंडळी चहाची पाकिटं वाटतात. पुष्कळ घरांत ते पाकीट नेहमीच्या पातेल्यात पडतं: आधण, साखर, आलं, दूध, वर दोन उकळ्या. चहा फिका उतरतो, घरातलं कोणीतरी 'पांचट आहे' म्हणतं आणि पाकीट फडताळात मागे सरकतं. एखाद्या घरात कोणी तो रीतीनं, दूध न घालता करून पाहतं. पहिल्या कपाला तिथेही साधारण हाच शेरा मिळतो.

हा लेख त्या पाकिटासाठी आहे. ५० ग्रॅमच्या पाकिटात २.५ ग्रॅमचे २० कप होतात, आणि विसाव्या कपापर्यंत पोचताना तुमचं मत बहुधा एकापेक्षा जास्त वेळा बदलेल, कधी वर, कधी खाली. मत बदलण्यात काहीच वावगं नाही. ते कशामुळे बदललं हे मात्र कळायला हवं. पाकिटातला चहाच बदलला, करण्याची रीत बदलली, की तुमची जीभ सरावली? ही तीन कारणं वेगळी ओळखता आली, की कुठल्याही चहाबद्दल तुम्ही जे म्हणाल त्याला वजन येतं. पुढचा सगळा खटाटोप त्यासाठी.

आधी पाकीट नीट वाचा

दार्जिलिंगचा चहा वर्षभर सारखा नसतो. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत पहिली तोडणी होते, ती फर्स्ट फ्लश. मे-जूनमधली सेकंड फ्लश. मग पावसाळी चहा, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला शरदातला. फर्स्ट फ्लशची पानं फार सुकवून मग वळतात. त्यांच्यातलं पाणी इतकं उतरलेलं असतं की पुढे पान पूर्ण काळं पडत नाही. म्हणून सुक्या चहात हिरव्या कडा दिसतात आणि कपात रंग पिवळसर उतरतो. चहा कच्चा राहिला, अशी नवख्याची समजूत होते ती इथेच. सेकंड फ्लशचा रंग तांबूस असतो आणि त्याला पिकलेल्या द्राक्षांच्या जवळ जाणारा एक वास असतो. व्यापारात त्याला 'मस्कटेल' म्हणतात. या वासामागे तुडतुड्यांचाही हात असतो. आपले भाताचे आणि कपाशीचे शेतकरी ज्यांच्या नावानं बोटं मोडतात त्याच जातकुळीतले हे किडे कोवळ्या पानांतला रस शोषतात, झाड त्याला प्रतिकार म्हणून काही सुगंधी द्रव्यं तयार करतं आणि ती पुढे कपात उतरतात.

पाकिटावर मळ्याचं नाव, हंगाम आणि वर्ष छापलेलं असेल तर उत्तम. दार्जिलिंग चहाचं बोधचिन्हही बघा, त्यात चहाची पानं हाती धरलेल्या बाईची बाजूनं दिसणारी आकृती असते. २००४ साली भारतात सर्वांत आधी भौगोलिक मानांकन मिळालं ते याच चहाला.

पहिलं पाकीट विकत घेणार असाल तर सेकंड फ्लश घ्या. त्याला अंग असतं, चुका तो थोड्याफार पोटात घालतो, आणि नेहमीच्या चहावर पोसलेल्या जिभेला त्यात धरायला काहीतरी सापडतं. भेट आलेलं पाकीट फर्स्ट फ्लशचं असेल तर तेही चालेल, फक्त मत बसायला जास्त कप लागतील.

सामान आणि पाणी

सामान थोडंच लागतं: आतून पांढरा असलेला कप, झाकणाचं छोटं भांडं किंवा किटली, बारीक गाळणी, मोबाइलमधलं घड्याळ आणि ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा. काट्याचा खर्च जिवावर येतो हे मला कळतं, पण चमच्यावर इथे भरवसा ठेवता येत नाही. सीटीसीचे, म्हणजे नेहमीच्या दाणेदार चहाचे, दाणे चमच्यात गच्च बसतात आणि अख्ख्या पानांचा चहा फुगून राहतो. तोच चमचा आज दीड ग्रॅम देईल, उद्या पाकिटाच्या तळाशी गेल्यावर तीन ग्रॅम. मग कप वेगळा लागला तर दोष कोणाला द्यायचा?

पाण्याकडे मात्र बारकाईनं बघा, कारण कपात जवळजवळ सगळं तेच असतं. मुंबई-पुण्याला धरणांतून येणारं नळाचं पाणी बरंच मृदू असतं आणि चहाला मानवतं. त्याला क्लोरीनचा वास येत असेल तर ते उघड्या भांड्यात थोडा वेळ ठेवून मग उकळा. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर चहा गढूळ दिसतो, वर तेलकट वाटणारा पातळ तवंग धरतो आणि वास दबून जातो. तो तवंग पाण्यातल्या कॅल्शियममुळे येतो, चहा त्याला जबाबदार नसतो. उलट, सगळे क्षार काढून टाकलेल्या आरओच्या पाण्यात चहा सपाट लागतो. एकाच शहरात घर बदललं आणि आवडता चहा 'बिघडला' तर आधी पाणी तपासा. काही झालं तरी पूर्ण पाकीट एकाच पाण्यावर काढा.

पहिला कप: नोंद करा, निकाल देऊ नका

वेळ अशी निवडा की आधी तासभर तरी दुधाचा चहा, पान-सुपारी किंवा झणझणीत काही खाल्लेलं नसेल. सकाळी दहा-अकरा किंवा दुपारी चारची वेळ चांगली. पित्ताचा त्रास असेल तर रिकाम्या पोटी घेऊ नका. सर्दी झालेली असेल तर पाकीट उघडूच नका, कारण या चहाचं सगळं मर्म वासात आहे.

२.५ ग्रॅम चहा, १५० मिली पाणी. पाण्याला उकळी फुटली की गॅस बंद करा. सेकंड फ्लशसाठी अर्धा मिनिट थांबा, फर्स्ट फ्लशसाठी दीड-दोन मिनिटं, म्हणजे पाणी ९० अंशांच्या आसपास येईल. भांडं आधी गरम पाण्यानं विसळून घ्या, चहा घाला, पाणी ओता, झाकण ठेवा. तीन मिनिटांनी शेवटच्या थेंबापर्यंत गाळून घ्या. पानं पाण्यात राहिली तर चहा मुरतच राहतो आणि दुसरा अर्धा कप पहिल्यापेक्षा वेगळा होतो.

आता लगेच कपाकडे वळू नका. गाळणीतली ओली पानं नाकाशी धरा. सुक्या चहाच्या वासाहून हा वास कितीतरी मोठा असतो. सेकंड फ्लशमध्ये मनुका, थोडं ओलं लाकूड, कधी मध. फर्स्ट फ्लशमध्ये नुकतं कापलेलं गवत, एखादं पांढरं फूल, कैरीच्या सालीसारखं काहीतरी. एक पान बोटानं उलगडून पाहा. सुकं असताना तारेसारखं दिसणारं ते पान पूर्ण उघडतं, कडेचे दाते दिसतात, मधली शीर दिसते, देठाजवळ तांबूस आणि टोकाकडे हिरवट असे दोन रंग एकाच पानावर दिसतात. कधी दोन पानं आणि एक कळी असा अख्खा शेंडाच हाती येतो. कुणीतरी तो शेंडा डोंगरउतारावर उभं राहून हातानं खुडलेला असतो.

मग प्या, पण कप तीन भागांत प्या. पहिले घोट गरम, मधले कोमट, शेवटचे जवळजवळ गार. कडकडीत गरम चहात जिभेला फार काही कळत नाही. निवू लागला की वास आणि गोडवा वर येतो. घोट गिळल्यावर तोंड मिटून नाकानं श्वास सोडा, वास मागच्या बाजूनं पुन्हा येईल. दुधाच्या चहात आपण हे सहसा करत नाही, कारण तिथे साय, साखर आणि आलं समोरूनच बोलत असतात.

वहीत तीनच ओळी लिहा: वास, जीभ, गिळल्यानंतर. 'आवडला' किंवा 'नाही आवडला' आज लिहायचं नाही. आज तुमची जीभ चहा चाखतच नसते, नेहमीच्या चहात जे असतं आणि इथे नाही त्याची यादी करत असते. दूध नाही, साखर नाही, रंग नाही, कडकपणा नाही. 'पांचट' हा शेरा त्या यादीची बेरीज आहे. आपला रोजचा चहा बहुतेक सीटीसी असतो. १९३०च्या सुमारास आसाममध्ये विल्यम मॅककर्चर यांनी बसवलेल्या यंत्रातून ही पद्धत आली. वेगवेगळ्या गतीनं फिरणाऱ्या दातेरी रुळांमधून पान चुरडून, फाडून त्याचे दाणे होतात, म्हणून मिनिटभरात दाट रंग उतरतो आणि दुधालाही तो पुरून उरतो. त्याच्या मापानं दार्जिलिंग मोजला तर तो नापासच होणार.

दुसरा ते चौथा कप: काहीही बदलू नका

हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि सर्वांत जास्त शिकवणाराही. तेच वजन, तेच पाणी, तीच वेळ, तोच कप. तरीही तिसऱ्या-चौथ्या कपाला चहा वेगळा लागू लागतो. पहिल्या दिवशी जिथे नुसतं गरम पाणी वाटलं होतं तिथे आता घोटाच्या शेवटी हलका गोडवा सापडतो. चहा तोच आहे, रीत तीच आहे, म्हणजे बदललात तुम्ही. हे छातीठोकपणे म्हणता यावं म्हणूनच बाकी काही हलवायचं नाही.

पण इथे एक सावधगिरी हवी. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ साली दाखवून दिलं की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी ती आपल्याला अधिक आवडू लागते. चहालाही हे लागू आहे. चौथ्या कपाला आलेल्या आवडीत थोडा भाग निव्वळ ओळखीचा असतो. ती ओळख खोटी नव्हे, पण तेवढ्यावर चहा चांगला ठरत नाही. म्हणून या टप्प्यावरची आवडही वहीत जमा करा आणि निकाल पुढे ढकला. वहीत आता एक चौथी ओळ वाढवा: काल नव्हतं असं आज काय सापडलं? ओळखीमुळे वाढलेल्या आवडीला या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. चहात खरोखर काही असेल तर ते देता येतं.

पाचवा ते नववा: एका वेळी एकच खुंटी पिळा

आता वेळ बदला. एक कप दोन मिनिटांचा, एक चारचा, एक पाचचा. मग वजन बदला: २ ग्रॅम, ३ ग्रॅम. वेळ आणि वजन एकाच कपात बदलू नका.

पाच मिनिटांच्या कपात तुरटपणा चढलेला असेल. तुरटपणाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण मतं फिरण्याचं ते मोठं कारण असतं. कडूपणा जिभेला चव म्हणून कळतो. तुरटपणा मात्र जास्त करून स्पर्श असतो. चहातली पॉलिफेनॉल्स नावाची द्रव्यं लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि गालांची आतली बाजू, हिरड्या कोरड्या, खरखरीत वाटू लागतात. कच्चं केळं चावल्यावर होतं तेच. ही जाणीव घोटागणिक साठत जाते. त्यामुळे एकाच कपातला पहिला घोट छान आणि दहावा घोट तोंड आवळणारा, असं सहज होतं, कपात काहीही बदललेलं नसताना. दुसरा कप लगेच घेतलात तर तो पहिल्याचं कर्ज फेडत बसतो.

उपाय साधा आहे. दर तीन-चार घोटांनंतर साधं पाणी प्या, दोन कपांत अर्धा तास जाऊ द्या. आणि 'हा चहा फार तुरट आहे' असं लिहिण्याआधी तोच अर्धा मिनिट कमी मुरवून बघा. बराचसा तुरटपणा रीतीचा निघतो. तीन मिनिटांतही तो हिरड्यांना चिकटून राहिला तर तो त्या चहाचा स्वभाव आहे. तसा स्वभाव काहींना आवडतो. मला सेकंड फ्लशमध्ये थोडा तुरटपणा हवाच असतो, त्याशिवाय तो नुसता सुवासिक वाटतो.

नवव्या कपापर्यंत तुमचं स्वतःचं माप ठरलेलं असेल. ते वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. पाकिटावर छापलेलं माप आता विसरलात तरी चालेल.

दहाव्यापासून: शेजारी दुसरा कप ठेवा

कोलकात्यात चहाचे लिलाव १८६१पासून होत आले आहेत. तिथले चाखणारे चहा कधी एकटा चाखत नाहीत. लांबलचक टेबलावर कपांची रांग असते, शेजारी मुरवलेली पानं ठेवलेली असतात, चमच्यातला घोट जोरात सुर्रकन ओढायचा, तोंडभर फिरवायचा, थुंकायचा आणि पुढच्या कपाकडे सरकायचं. तिथे प्रश्न असतो तो या कपाचा शेजारच्या कपाशी. चाखण्यासाठी आयएसओ ३१०३ नावाचं आंतरराष्ट्रीय मानकही आहे, १९८० साली पहिल्यांदा आलेलं: १०० मिली पाण्याला २ ग्रॅम चहा, सहा मिनिटं. सहा मिनिटांत चहाचे दोष उघडे पडतात. असा कप पिण्यासाठी करू नका, पण पाकिटातून एकदा तरी करून बघा. लपलेलं सगळं समोर येतं.

घरी एवढंच करा. तुमच्या दार्जिलिंगशेजारी दुसरा एक कोरा चहा ठेवा. दक्षिणेतल्या निलगिरी डोंगरांतला पानांचा चहा चांगला जोडीदार आहे, तो मऊ आणि सरळ असतो. तोही नसेल तर घरातलीच सीटीसी बिनदुधाची करा. तिचं वजन कमी घ्या, १.५ ग्रॅम पुरे. एकट्यानं पिताना दार्जिलिंगमध्ये जे फुलाचं, फळाचं काही जाणवत होतं ते शेजारच्या कपानंतरही जाणवतं का बघा. मला नवख्यांसाठी सगळ्यांत मोलाचा वाटतो तो हाच कप. चार दिवसांच्या ओळखीतून आलेली आवड इथे गळून पडते आणि चहात असलेलं तेवढं उरतं.

तुमच्या घरात कोणी उत्साही असेल तर आणखी एक परीक्षा घ्या. तीन सारखे कप, दोघांत एक चहा, तिसऱ्यात दुसरा, तळाला चिठ्ठ्या चिकटवलेल्या. तुम्ही पाठ फिरवून बसा आणि वेगळा कप ओळखा. दोन्ही चहा रंगात सारखे नसतील तर डोळे मिटून प्या. नुसत्या अंदाजानं बरोबर येण्याची शक्यता तीनात एक असते, म्हणून एकदा जमलं एवढ्यावर जाऊ नका. ओळीनं तीनदा जमलं तर ते नशिबानं होण्याची शक्यता २७ मध्ये एक उरते. मग फरक खरा माना. हाच खेळ एकाच चहाच्या तीन आणि चार मिनिटांच्या कपांवर खेळा. ज्या फरकावर आपण तावातावानं बोलत होतो तो कधी कधी ओळखताच येत नाही, आणि मग तो फरक वहीतून खोडून टाकायचा.

मत खाली घसरलं तर

बाराव्या-पंधराव्या कपाला चहा निरस लागू लागतो, अशी तक्रार बऱ्याचदा ऐकू येते. दोन कारणं तपासा, आणि याच क्रमानं.

पहिलं कारण पाकीट. दार्जिलिंगचा वास नाजूक असतो, फर्स्ट फ्लशचा तर फारच. मुंबईत किंवा कोकणात जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की उघडं पाकीट काही आठवड्यांत मऊ पडतं. पान बोटांत चुरून बघा: कुरकुरीत तुटलं तर ठीक, लवलं तर ओल शिरली आहे. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा वापरा, उजेड आणि उन्हापासून दूर, आणि मसाल्याच्या डब्यांच्या रांगेत तर अजिबात नको. चहा आजूबाजूचा वास पटकन ओढून घेतो, हिंगाशेजारी ठेवलेला चहा पुन्हा चहा होत नाही. पाकीट उघडल्याच्या दिवशीच दहा ग्रॅम वेगळ्या छोट्या डबीत भरून सीलबंद ठेवा. पंधराव्या कपाला ती डबी उघडून दोन्ही शेजारी-शेजारी करा. डबीतला चांगला लागला तर चहा बदलला. दोन्ही सारखेच निरस लागले तर कारण तुमच्याकडे आहे.

तुमच्याकडचं कारण म्हणजे साधा वीट. रोज तेच समोर आलं की त्या चवीपुरती इच्छा मंदावते. चार दिवस हा चहा करूच नका, मग परत या. विटलेला चहा अशा सुट्टीनंतर बहुधा पूर्ववत होतो. नाही झाला, तर त्याच्यात सांगण्यासारखं जे होतं ते संपलं, आणि हेही खरं मतच आहे.

वरून वास चढवलेल्या चहांच्या बाबतीत हे फार दिसतं. बर्गमॉट या लिंबाच्या जातीतल्या फळाचं तेल लावलेला अर्ल ग्रे किंवा फळांचे अर्क घातलेले चहा पहिल्याच कपात मन जिंकतात, कारण सगळा माल पहिल्या घोटात असतो. आठव्या कपाला तिथे नवीन काही सापडत नाही. दुसऱ्या टोकाला चीनच्या वुयी डोंगरातला लॅपसांग सूचाँग. पाइनच्या धुरावर सुकवलेला, पहिल्या कपाला चुलीशेजारी बसल्यासारखा. पुष्कळांना तो नकोसा होतो, आणि धुराची सवय झाल्यावर खालचा गोडवा कळतो. पहिल्या कपाच्या जोरावर निवड केली तर आपल्या फडताळात नेहमी पहिल्याच प्रकारचे चहा जमतील.

त्याच पानांचा दुसरा उतारा

तीन मिनिटं मुरलेली पानं फेकू नका. त्यांच्यावर पुन्हा गरम पाणी घालून पाच मिनिटं ठेवा. दुसरा कप हलका, कमी तुरट आणि काहींच्या मते जास्त गोड असतो. वास मात्र बराच गेलेला असतो. चीनमधल्या युन्नानच्या पु-अर चहात तर हीच मुख्य रीत आहे: छोट्या भांड्यात पाचेक ग्रॅम चहा, पाणी काही सेकंदच ठेवायचं, आणि त्याच पानांचे आठ-दहा उतारे काढायचे. एका बैठकीतच मत अनेकदा फिरतं. पण ते पुढचं शिक्षण. नवख्यानं पु-अरपासून सुरुवात करू नये, तिथे इतक्या गोष्टी एकदम बदलतात की कशानं काय झालं हे सुटं करता येत नाही.

दुधाचं काय?

एक कप दुधाचा जरूर करा, शेवटच्या चारांतला. दुधातलं केसीन हे प्रथिन पॉलिफेनॉल्सना बांधून ठेवतं, म्हणून तुरटपणा मवाळ होतो. सेकंड फ्लश चमचाभर दूध सोसतो, फर्स्ट फ्लश त्यात बुडून जातो. रोजचा आल्याचा चहा सोडायची काहीच गरज नाही. दोन्हींची कामं वेगळी आहेत. एवढं मात्र होतं, की काही दिवस कोरा चहा घेतल्यावर घरच्या चहातली साखर एकदम जास्त वाटू लागते, आणि पुष्कळजण ती मग आपणहून अर्ध्यावर आणतात.

शेवटचे कप आणि पुढचं पाकीट

उरलेले दोन-तीन कप वही बाजूला ठेवून, कुणाबरोबर तरी बसून प्या. समोरच्यानं मत विचारलं तर आधी त्याचं ऐकून घ्या, त्याचा पहिला कप आहे हे लक्षात ठेवून. तुमच्या शब्दांनी त्याची जीभ बांधू नका: 'द्राक्षांचा वास येतो ना?' असं विचारलं की तो येतोच.

मग वहीत निकाल लिहा, तीन प्रश्नांच्या उत्तरांत. हा चहा मी पुन्हा विकत घेईन का? कोणत्या वेळेला? आणि माझं मत बदललं त्यात माझा, रीतीचा आणि पाकिटाचा वाटा कोणता? पुन्हा घ्यायचा ठरला तर त्याच मळ्याचा, पुढच्या वर्षीच्या फर्स्ट फ्लशचा चहा मागवा. तो साधारण एप्रिल-मेमध्ये दुकानांत येऊ लागतो. पन्नास ग्रॅमच घ्या आणि पाऊस लागायच्या आत संपवा.